तिघांच्या सफरीला एक अमीर: मुळशी आणि कोळवण

मुळशीला जायचं ठरलं ते धरण बघायला नाही, हे आधीच सांगून टाकते. हिंजवडीत नोकरी आणि मारुंजीत भाड्याचा फ्लॅट असला की शनिवारी माणूस आपोआप मुळशीला जातो, त्यात ठरवण्यासारखं काही नसतं. या वेळी मात्र ठरवावं लागलं, कारण माझ्या घरात दोन पुरुष समोरासमोर बसून माझ्यामार्फत बोलत होते. "रुबीना, अब्बांना विचार, चहा घेणार का." "रुबीना, त्याला सांग, मघाशीच झाला." दोघांच्या मध्ये फक्त एक टीपॉय होता.

हे दोघं म्हणजे माझे वडील आणि माझा मोठा भाऊ इरफान. अब्बा बार्शीकडच्या आमच्या गावात हायस्कूलला मराठी शिकवायचे. घरी आम्ही दखनी बोलतो, पण वाद सुरू झाला की अब्बा शुद्ध मराठीत शिरतात आणि मग आम्हालाही त्यांच्या मागून शिरावं लागतं. इरफानचं गावात हार्डवेअरचं दुकान आहे. अब्बांचे डोळे दाखवायला तो त्यांना स्वतःच्या गाडीने पुण्याला घेऊन आला, आणि अख्ख्या रस्त्यात दोघांनी तोंडातून ब्र काढला नाही.

घोडं अडलं होतं ते असं. अब्बा आमच्या मशिदीच्या जमातीचे सदर, म्हणजे अध्यक्ष. मला कळायला लागल्यापासून तेच आहेत. आता वय झालं म्हणून त्यांनी पद सोडायचं जाहीर केलं, आणि येत्या जुम्म्याच्या, म्हणजे शुक्रवारच्या नमाजनंतर लोक नवा सदर निवडणार होते. सगळ्यांनी एका तोंडाने इरफानचं नाव घेतलं. घेणारच. कब्रस्तानाची भिंत त्याने पाठपुरावा करून बांधून घेतली. कोविडच्या दिवसांत सख्खी माणसं हात लावायला घाबरत होती, तेव्हा याने जनाजे उचलले. आणि अब्बा भर सभेत उभे राहून म्हणाले, माझा मुलगा सदर होणार नाही. का, तर तो माझा मुलगा आहे.

इरफानला ते पद हवं होतं. त्याने कधी तोंडाने म्हटलं नाही, कारण पद मागणाऱ्याला ते देऊ नये असं आमच्याकडे मानतात. पण बहिणीला कळतं. बापाने चारचौघांत नाही म्हटलं हे त्याच्या जिव्हारी लागलं होतं. शेवटी गावाहून अम्मीचा फोन आला. "दोघांना कुठंतरी डोंगरात फिरवून आण गं. हसून परत आले तर पाठव, नाहीतर तुझ्याकडेच ठेव."

शनिवारी पहाटे फजरची नमाज झाल्या झाल्या निघालो. गाडी सोसायटीच्या गेटबाहेर काढण्याआधी अब्बांनी हात वर केला. "थांबा. अमीर कोण?"

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. तिघं जण सफरीला निघाले तर त्यांनी आपल्यातल्या एकाला अमीर, म्हणजे प्रवासापुरता म्होरक्या करावा, असं पैगंबरांनी सांगितल्याचं आम्हाला लहानपणापासून शिकवलंय. एकदा केला की त्याचं ऐकायचं. त्याने मात्र सगळ्यांना विचारून ठरवायचं, सगळ्यात जड पिशवी उचलायची आणि जेवायला शेवटी बसायचं. आजवर आमच्या प्रत्येक सहलीत अब्बाच अमीर. या वेळी ते म्हणाले, "मी पद सोडलेला माणूस आहे. तुम्ही ठरवा." इरफान आरशात बघून केस नीट करत होता. मला वाटतं त्याने गृहीतच धरलं होतं. मी म्हटलं, इरफानभाई. इरफान म्हणाला, "अब्बांना विचार ना." अब्बा म्हणाले, "रस्ते हिला माहीत आहेत, गाडी ही चालवणार, खोल्या हिने ठरवल्यात. माझं मत रुबीनाला." इरफान मागच्या सीटवर जाऊन बसला आणि म्हणाला, "ठीक आहे. अमीरसाहेबा, एसी लावा." तेवढ्यावर माझी निवड झाली.

रस्त्याचं सांगते. मारुंजीतून बाहेर पडायचं तर सातच्या आत पडा. त्यानंतर पाण्याचे टँकर, सिमेंटचे टेम्पो आणि मुलांच्या शाळेच्या बस असा सगळा गाव एकाच वळणावर भेटतो. हिंजवडीहून माण, मग घोटावडे करत घोटावडे फाट्याला या, तिथे पौड रस्ता लागतो. माणच्या पुढे अधूनमधून रस्ता उखडलेला आहे, छोटी गाडी असेल तर जपून. पौडला नाश्ता करा, कारण पुढे धरणापर्यंत जी हॉटेलं आहेत ती बघायला छान आणि खायला महाग. आम्ही स्टँडजवळ मिसळ खाल्ली. तर्री अशी झणझणीत की सोलापुरी माणसाने पण रुमाल काढावा. अब्बांनी दोन पाव जास्त मागवले आणि मी शेवटी खाल्लं, कारण नियम म्हणजे नियम.

पौड सोडलं की डोंगर जवळ यायला लागतात, माले गावाच्या पुढे झाडांमधून पाणी दिसायला लागतं. दिवाळी होऊन गेली होती, पाणी काठोकाठ आणि हवा स्वच्छ. आम्ही ताम्हिणीच्या तोंडापर्यंत जाऊन आलो. घाटात शनिवारी दुपारनंतर गाड्यांची जत्रा असते, म्हणून सकाळीच उरका. अब्बांना दऱ्याबिऱ्यांचं फार कौतुक नाही. त्यांना कोण माणूस काय करतो यात रस. एका कणीसवालीशी ते एवढा वेळ बोलत बसले की तिने शेवटी पैसे घ्यायला नकार दिला, आणि मग घ्यायला लावण्यात आणखी वेळ गेला.

दुपारी जोहरची नमाज आम्ही पाण्याच्या काठाला, एका सपाट दगडाजवळ पढलो. इथे एक बारीक गोष्ट आहे, ती नीट समजून घ्या, पुढे लागेल. प्रवासी माणसाला नमाजमध्ये सूट असते. जोहर, असर आणि इशा या नमाज चार रकातींच्या, म्हणजे चार फेऱ्यांच्या. त्या तो दोनच पढतो. अब्बा आणि इरफान बार्शीहून आलेले, म्हणजे प्रवासी. मी राहते मारुंजीत, घरापासून तासाभरावर फिरायला आलेली, मला सूट नाही. अब्बांचे गुडघे दुखतात, ते खुर्चीवर बसून पढतात, म्हणून इमाम, म्हणजे पुढे राहून नमाज पढवणारा, इरफान. त्याने दोन रकातींवर नमाज संपवली, मी मागे उभी राहून माझ्या उरलेल्या दोन पुऱ्या केल्या, आणि तोवर दोघं बसून माझ्याकडे बघत राहिले. "इथल्या गावकऱ्यांना काम जास्त," इरफान म्हणाला.

मग तिथेच चटईवर लवंडून त्याने विषयाला हात घातला. तोही सरळ नाही, दीड हजार वर्षं मागे जाऊन. "अब्बा, एक सांगा. पैगंबरांनंतर पहिले चार खलिफा झाले ते काय परके होते? दोघं त्यांचे सासरे, दोघं जावई. सगळे नात्यागोत्यातलेच ना?"

खलिफा हा शब्द आला म्हणून दोन ओळी. आजकाल बातम्यांत खिलाफत म्हटलं की लोकांना बंदुका आणि काळे झेंडे दिसतात. ज्यांनी हे केलं त्यांनी आमचा एक चांगला शब्द नासवला, आणि त्याचा मला राग आहे. आमच्या घरात खिलाफत हा जेवताना बोलायचा विषय. खलिफा म्हणजे मागे राहून कारभार सांभाळणारा. मालक तो नव्हे. धर्मग्रंथात तर माणसालाच जमिनीवरचा खलिफा म्हटलंय, म्हणजे ही जमीन, हे पाणी आपल्याकडे सांभाळायला दिलंय. अब्बांनी हे आम्हाला शेतातली विहीर दाखवून शिकवलं होतं.

अब्बा चष्मा पुसत म्हणाले, "नात्यातले सगळे. पण एकालाही खिलाफत बापाकडून मिळाली नाही. पैगंबरांनी कुणाला नेमून ठेवलं नव्हतं, असं आपण सुन्नी मानतो. लोक बसले, वाद घातला, आवाज चढले, आणि मग एकाच्या हातावर हात ठेवून म्हणाले, तू. याला शूरा म्हणतात. मराठीत पाचामुखी परमेश्वर. पहिल्या खलिफांनी पहिल्याच भाषणात लोकांना सांगितलं, मी चुकलो तर मला सरळ करा. दुसऱ्यांनी मरताना सहा जणांची समिती नेमली, आणि स्वतःच्या मुलाबद्दल सांगितलं की त्याला सल्ल्याला बसवा, निवडू मात्र नका. पुढे एकाने गादी मुलाच्या हातात दिली. त्या दिवसापासून नाव खिलाफत राहिलं आणि कारभार राजाचा झाला."

"शिया लोक तर पैगंबरांनंतरची इमामत त्यांच्या घराण्यातच मानतात."

"मानतात. त्यामागे त्यांचा मोठा विचार आहे, त्याचा मी आदर करतो."

"मग मी आजपासून शिया."

अब्बा हसले. कित्येक दिवसांत पहिल्यांदा. पण इरफान उठून बसला होता. "हसू नका. त्या राजांची पोरं नालायक असली तरी गादीवर बसली, म्हणून ते वाईट. मी नालायक आहे का, तेवढं सांगा."

"नाहीस."

"मग?"

अब्बा पाण्याकडे बघत म्हणाले, "लायक आहेस म्हणूनच भीती वाटते. नालायकाला लोक आज ना उद्या उठवतील. तुला कोणी उठवणार नाही. मग तुझ्यानंतर तुझा मुलगा. आपल्या घराला सवय लागेल, आणि त्याहून वाईट, गावाला लागेल."

"म्हणजे तुमच्या पोटी जन्मलो हाच माझा गुन्हा," इरफान म्हणाला. मला दोघांची इतकी दया आली की काय सांगू. दोघंही खरं बोलत होते. इरफान चटई गुंडाळायला लागला. तेव्हा मी माझं अमीरपण पहिल्यांदा वापरलं. "उद्या सकाळपर्यंत हा विषय बंद. हा हुकूम आहे." गंमत म्हणजे दोघांनी मान डोलावली. ऑफिसमध्ये माझ्या टीमने असं ऐकलं असतं तर मी कुठल्या कुठे पोचले असते.

पौडला परत येऊन कोळवणचा रस्ता धरला. स्वतःची गाडी नसेल तर पौडहून एसटी आहे, पण वेळ विचारून घ्या. मधल्या वेळात जीप मिळतात, माणसं भरली की सुटतात. कोळवणचं खोरं म्हणजे भाताचं खोरं. आम्ही गेलो तेव्हा कापणी होऊन खळ्यांवर झोडणी चालली होती आणि सगळ्या हवेला नव्या भाताचा वास होता. मध्येमध्ये शहरातल्या लोकांची फार्महाउसं, उंच कंपाउंडं, त्यांच्या आत कुत्री. आम्ही उतरलो होतो कमलमावशींकडे. त्यांनी घराच्या मागच्या बाजूला दोन खोल्या बांधून भाड्याने द्यायला सुरुवात केली आहे. माणशी बाराशे, त्यात दोन वेळचं जेवण आणि नाश्ता. खोल्या साध्या, स्वच्छ, गरम पाणी चुलीवरचं. मोबाइलला रेंज ओट्यावर येते, खोलीत येत नाही.

मुसलमान वाचक नेहमी विचारतात, खाण्याचं काय. मी फोनवरच सांगून ठेवलं होतं की आम्ही शाकाहारी जेवू. मावशींनी अंगणात आल्या आल्या ते मोडीत काढलं. "शाकाहारी कशापायी? कोंबडं धरून ठिवलंय, तुमच्या हातानं कापा. आमच्या जत्रंचं बकरं बी मुलाण्याबिगर कोण कापत न्हाई. म्हाईत हाय मला समदं." इरफानने बाह्या वर केल्या आणि परसात गेला. अब्बा खुश. ओट्यावर चहा घेता घेता त्यांनी मावशींना गावच्या सरपंचाबद्दल विचारलं. विषय बंद होता, पण सरपंचावर बंदी नव्हती, आणि मास्तरांना पळवाटा बरोबर सापडतात.

"आमच्या माहेरी तीन पिढ्या येकाच घरात सरपंचकी," मावशी म्हणाल्या.

"कामं करतात का?"

"व्हय, लई चांगली करत्यात. रस्ता केला, टाकी बांधली."

"मग बरंच आहे की."

"बरं हाय. पर नळाला पानी आलं न्हाई तर सांगाय जायाला जीव घाबरतो. त्यांचं घरच मोठं. आपुन कुटं बोलायचं त्यांच्यापुढं?" एवढं बोलून त्या मसाला वाटायला आत गेल्या. अब्बांनी माझ्याकडे बघितलं. मी छताकडे बघितलं. अमीरने अशा वेळी तटस्थ राहावं.

दुपार कलल्यावर असरची नमाज आम्ही तिघांनीच पढली, पुन्हा त्या दोघांच्या दोन आणि माझ्या चार. संध्याकाळी मगरीबला अंगणात चटया अंथरल्या तेव्हा शेजारच्या बांधकामावरची तीन माणसं कुंपणाशी येऊन उभी राहिली. शेजारी कुणा पुणेकराचं फार्महाउस उभं राहतंय, तिथले हे फरशीवाले, बिहारचे, कित्येक महिन्यांपासून तिथेच पत्र्याच्या खोलीत राहणारे. त्यांच्यातला वयाने मोठा मुस्तकीम. "साहब, हम भी शामिल हो जाएँ? यहाँ साथ पढ़ने को जमात मिलती नहीं." इरफानने त्यांना हाताने बोलावलं. इमाम इरफान, मागच्या ओळीत ते तिघं, कडेला खुर्चीवर अब्बा, आणि सगळ्यांच्या मागे मी एकटी.

मगरीब तीन रकातींची. तिला प्रवाशाची सूट नाही. घरी असा नाहीतर चंद्रावर, तीन म्हणजे तीन. इरफान कुराणातल्या आयती सुंदर म्हणतो. गावात लोक त्याच्यासाठी थांबतात. अंधारून येत होतं, खळ्यावरचा आवाज थांबला होता, आणि त्याचा आवाज त्या खोऱ्यात असा पसरला की मला भरून आलं. दोन रकाती झाल्या. तो बसला. इथे बसायचं असतंच, थोडा वेळ, मग तिसरीला उठायचं. तो उठला नाही. बसूनच राहिला, आणि मग त्याने उजवीकडे मान वळवून सलाम म्हटला. म्हणजे नमाज संपली म्हणून सांगितलं.

दिवसभर दोन-दोन पढून त्याला दोनचीच सवय लागली होती. खुर्चीवर अब्बांचीही मान वळली होती, त्यांनाही तीच सवय. फरशीवाले तिघं मात्र जागच्या जागी थिजले. माना वळल्या नाहीत, पण कोणी बोललंही नाही.

इमाम चुकला तर मागच्याने गप्प बसायचं नसतं. पुरुषाने सुबहानल्लाह म्हणायचं, बाईने एका हाताची बोटं दुसऱ्या हाताच्या पाठीवर मारून आवाज करायचा. मी हे पुस्तकात वाचलं होतं, आयुष्यात कधी केलं नव्हतं. आमच्या गावच्या मशिदीत बायका जातच नाहीत, तर करणार कुठे? एक क्षण मलाही वाटलं, आपण कशाला? बाहेरच्या माणसांसमोर भावाची चूक दाखवायची? आधीच तो दुखावलेला. पण माझे हात तोवर उचलले गेले होते. मी टाळी वाजवली. एकदा, आणि परत एकदा, जोरात.

इरफानची पाठ ताठ झाली. तो थांबला. मग "अल्लाहु अकबर" म्हणून उठला, तिसरी रकात पुरी केली आणि शेवटी चुकीबद्दल कपाळ टेकून दोन जास्तीचे सजदे केले, जसे करायचे असतात तसे. नमाज झाल्यावर तो वळला. अब्बांकडे किंवा माझ्याकडे न बघता आधी त्या तिघांना म्हणाला, "माफ करना भाई. दिनभर सफर की नमाज़ पढ़ी, आदत हो गई. मेरी बहन ने बचा लिया."

मुस्तकीम म्हणाला, "मालूम था साहब. हम तीनों को मालूम था, दो ही हुई हैं."

"फिर बोले क्यों नहीं?"

तो खाली बघून हसला. "आप बड़े लोग हैं, गाड़ी से आए हैं. इतना अच्छा पढ़ते हैं. हमको लगा, आपका कुछ और हिसाब होगा."

इरफानने स्वतःच सगळ्या चटया गोळा केल्या. जेवण काय होतं, हे न सांगणं पाप होईल. गावठी कोंबड्याचा रस्सा, तांदळाची भाकरी, आणि नव्या इंद्रायणीचा चिकट, मऊ भात, ज्याला वाफेसकट ताटात घेतलं की दुसरं काही लागत नाही. त्या तिघांनाही मावशींनी आग्रहाने बसवलं. इरफान स्वतः वाढत होता. मुस्तकीम "बस, बस" म्हणत होता आणि हा त्याच्या ताटात रस्सा ओततच होता. मी अमीर म्हणून शेवटी बसले तर माझ्यासाठी मानेचा तुकडा उरला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी धुकं होतं. कोळवणचं धुकं बघायचं तर ऊन वर यायच्या आत ओढ्यापर्यंत चालत जा, परत येईपर्यंत ते निघून गेलेलं असतं. आम्ही तिघं गेलो. बांधावर अब्बांना हाताला धरून इरफान पुढे चालला होता. मधेच थांबून त्याने मला विचारलं, "अमीर, विषय उघडू का?" मी म्हटलं, उघड.

"अब्बा, काल तीन माणसांना माझी चूक दिसत होती. एकही बोलला नाही. त्यांची माझी ओळख फक्त पंधरा मिनिटांची. नुसती गाडी बघून गप्प बसले." तो बांधावरच्या दगडाकडे बघत बोलत होता. "आपल्या गावात तर मी सरांचा मुलगा. निम्मा गाव तुमचा विद्यार्थी. तिथं मी चुकलो तर कोण बोलेल? मी दोनवर सलाम फिरवला तर अख्खी मशीद माझ्याबरोबर दोनवर उठून घरी जाईल."

मग त्याने दगडावरची नजर उचलली.

"मला व्हायचं होतं सदर. खोटं बोलत नाही. अजूनही वाटतं की मी चांगलं केलं असतं. पण मी उभा राहत नाही. तुम्ही नाही म्हणताय म्हणून नाही. मला पटलं म्हणून."

आता कुणीही बाप असता तर त्याने मुलाला जवळ घेतलं असतं. आमच्या अब्बांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला आणि म्हणाले, "ओढ्यापर्यंत जायचंय ना? चला, धुकं जाईल." मला इतका राग आला. पोराने काळीज काढून हातावर ठेवलं आणि यांना धुक्याची पडली. इरफान मात्र नुसता हसला आणि त्याने परत त्यांचा हात धरला. त्या बांधावर त्या दोघांच्या मागे चालताना माझ्या भावाची पाठ मला एवढी रुंद वाटली, की पुढचा रस्ताच दिसेना.

निघताना मावशींकडून इंद्रायणी तांदूळ घेतला. दुकानापेक्षा स्वस्त आणि डोळ्यांसमोर पोत्यातून काढलेला. जाल तर पिशवी घेऊन जा. परतीच्या वाटेवर इरफानने फोनमधला नकाशा लावला आणि त्या नकाशाने आम्हाला पिरंगुटहून सरळ भुकूमकडे पाठवलं. रविवारी संध्याकाळी भुकूममध्ये शिरलात तर खायला सोबत ठेवा. नव्या सोसायट्यांची सगळी माणसं एकाच वेळी घरी येत असतात. आम्ही एवढा वेळ अडकलो की अब्बांनी गाडीतच इरफानला हार्डवेअरच्या धंद्याबद्दल विचारायला सुरुवात केली, सिमेंट काय भाव, पत्रा काय भाव. माझ्यामार्फत नाही, सरळ. सोमवारी सकाळी दोघं गावाला गेले.

शुक्रवारी दुपारी मी ऑफिसच्या जिन्यात डबा खात होते तेव्हा अब्बांचा फोन आला. मशिदीच्या दारातूनच बोलत होते, मागे माणसांचा गलका. सदर कोण झालं माहीत आहे? हनीफ, सायकलच्या दुकानाचा. हाच हनीफ, ज्याने दोनदा भर बैठकीत उठून अब्बांना तोंडावर सांगितलं होतं की सर, तुमचं चुकतंय. घरी आम्ही त्याचं नाव काढलं की अम्मी पदर खोचायची.

"हनीफचं नाव कुणी सुचवलं?" मी विचारलं.

"इरफानने. उभा राहिला आणि म्हणाला, या गावात माझ्या वडिलांना टोकणारा एकच माणूस आहे, मला तोच सदर हवा. हनीफच रडायला लागला. मग इरफानने सगळ्यात आधी त्याच्या हातावर हात ठेवला. बाहेर येताना पाटलांचा शौकत मला म्हणाला, सर, पद घरातून गेलं. मी म्हटलं, जाऊ दे. पोरगा माझ्यापेक्षा मोठा निघाला."

माझा घास हातातच राहिला. माझ्या वडिलांनी आजवर इरफानला चांगलं म्हटलेलं मी ऐकलं नव्हतं. दहावीला पहिला आला तेव्हा नाही, दुकान उभं केलं तेव्हा नाही, जनाजे उचलले तेव्हाही नाही.

"हे त्याला सांगितलंत का?"

"तू सांग. माझ्याच्याने होत नाही."

"मी नाही सांगणार. कुठे आहे तो?"

"समोरच आहे. चपला शोधतोय."

"मग आत्ता सांगा. मी फोन धरून आहे."

नुसता गलका ऐकू येत राहिला. जिन्यातून लोक जात-येत होते, मी डोळे पुसत होते, आणि माझ्या घरातल्या दोन्ही माणसांचा मला एवढा अभिमान वाटत होता की तो कुठे ठेवावा कळत नव्हतं. मग अब्बांचा आवाज आला, फोनपासून लांब, वर्गात हाक मारायचे तसा. "इरफान, इकडे ये. पोरा, तू माझ्यापेक्षा मोठा निघालास."

मग माझ्या भावाचा आवाज आला.

"घरी चला अब्बा. ऊन लागतंय."